पायवाला

लिफ्टमध्ये दोघंच होते. मच्छिंद्रनं नेहमीप्रमाणे पाठ मागच्या आरशाला टेकवली होती. त्यामुळे उजव्या पायावरचा भार कमी होतो, आणि मुख्य म्हणजे मागून कुणाला बघता येत नाही. शेजारी टेस्टिंगच्या टीममध्ये नुकताच लागलेला इंजिनिअर, गळ्यातल्या ओळखपत्रावर इम्तियाज असं नाव. तो आधी मोबाइलकडे पाहत होता, मग दाराकडे, मग त्यानं हळूच खाली पाहिलं आणि म्हणाला, "सर, सॉरी हं, थोडं पर्सनल आहे. आपण मूळचे धायरीचे ना? सोजरबाईंचे चिरंजीव?" मच्छिंद्रनं मान हलवली. त्याला वाटलं, आता 'वाईट झालं' म्हणेल, आणि 'वाईट झालं'ला द्यायचं उत्तर गेल्या चौदा दिवसांत त्याच्या जिभेवर तयार झालं होतं. पण पोराचा चेहरा एकदम उजळला. "मग तुम्हीच ते! तुमच्या पायाची स्टोरी मी लहानपणापासून ऐकतोय, सर. आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे." दार उघडलं. इम्तियाज बाजूला झाला, 'आफ्टर यू सर' म्हणाला, आणि मच्छिंद्र मांडीवर हात दाबत, एक पाय टाकत, दुसरा ओढत आपल्या टेबलापर्यंत कसा गेला हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

म्हणजे खरंच होतं तर. तेवीस वर्षं ज्याचा संशय घेतला त्याचा आज पुरावा मिळाला, तोही कसा, हसत हसत, आपल्याच लिफ्टमध्ये, खराडीत, धायरीपासून इतक्या लांब. समोरच्या पडद्यावर प्रोग्रॅमच्या ओळी होत्या, त्यातल्या चुका शोधायच्या होत्या. हेच त्याचं काम. दुसऱ्यानं केलेलं तपासायचं आणि कुठे फसलंय ते सांगायचं. या कामात तो हुशार होता आणि त्याला ते ठाऊक होतं. आज मात्र डोळ्यांपुढे आईचा चेहरा येत होता, आणि चौदा दिवसांपूर्वी स्मशानात उभा असताना आलेला तो विचार, जो त्यानं बायकोलाही सांगितला नव्हता: सुटलो. खरोखर हाच शब्द मनात आला होता. सोजरबाईंना पोचवायला सगळी धायरी लोटली होती. ज्यांना तिनं पोलिओचे थेंब पाजले ती पोरं बापे होऊन, मिशा राखून आली होती आणि हुंदके देत होती. बायका भिंतीपलीकडे गर्दी करून उभ्या होत्या. आणि पोटचा मुलगा पाहुण्यासारखा, डोळे कोरडे, मनातल्या मनात म्हणतोय, चला, आता दिवाळीला जाऊन तिच्यापुढे नीट वागायला नको. आता राग लपवायला नको. आई मेल्यावर माणसाला हलकं वाटतं आणि मग त्या हलकेपणाची लाज वाटते, आणि ती लाज पोटात दगडासारखी राहते. चौदा दिवस तो दगड घेऊन तो कामाला येत होता.

तिनं त्याच्यासाठी काय केलं नव्हतं? हे तर तो स्वतःशी नाकारू शकत नव्हता. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि उतरताना पाय घेऊन गेला. तेव्हा धायरीत ते थेंब कुणी पाहिलेही नव्हते. मग तेल, शेक, मांत्रिक, हाडवैद्य, आणि शेवटी शहरातलं मोठं हॉस्पिटल. दर महिन्याला एस.टी.नं जायचं. आठ वर्षांचा होईपर्यंत ती त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवायची. आठ वर्षांचा घोडा कडेवर, त्याचे पाय तिच्या गुडघ्याला लागायचे, लोक हसायचे आणि ती म्हणायची, "हसू द्या त्यास्नी, त्यांचं काय जातंय?" मग लोखंडी पट्ट्यांचा बूट आला. त्याच्या पट्ट्या गंजू नयेत म्हणून रोज रात्री ती त्यांना खोबरेल चोळायची, पोराच्या डोक्याला लावायच्या आधी. तिच्या कमरेचा डावा भाग कायमचा वाकला तो त्याच्या वजनानं. हे सगळं आठवलं की राग पातळ व्हायचा, आणि पातळ झाला की त्याला आप्पासाहेबांची ओसरी आठवायची आणि राग पुन्हा घट्ट व्हायचा.

पंच्याण्णवचा डिसेंबर. पोलिओच्या थेंबांची पहिली मोहीम, शाळेत टेबल मांडलेलं. नर्सबाईंनी गावातून मदतीला कोण येतंय असं विचारलं तेव्हा सगळ्यात आधी सोजरबाई उठली. निरक्षर बाई, पण कुणाच्या घरात किती पोरं आणि कितव्या महिन्याची, हे तिला तोंडपाठ. दुपारपर्यंत कोण आलं नाही हे तिनंच सांगितलं, आणि त्या घरांकडे निघताना एकोणीस वर्षांच्या मच्छिंद्रला म्हणाली, "चल माझ्यासंगं." त्याला वाटलं, नावं लिहून घ्यायला. पहिल्या घरी ती म्हणाली, "दाखव रं." त्याला कळलंच नाही. "पाय दाखव." त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली. आतल्या बाईनं तोंडावर पदर घेतला आणि पोराला काखोटीला मारून शाळेकडे पळत सुटली. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. पाचव्या घरापर्यंत त्याला 'दाखव' म्हणावंही लागत नव्हतं, आई नुसतं बघायची. सहावं घर आप्पासाहेबांचं. ओसरीवर दहाबारा माणसं, चहा चाललेला, आणि आप्पासाहेब म्हणाले, "सोजर, आमच्यात असलं काही होत नसतं. आमचं रक्त चांगलं आहे." त्यावर आईनं मच्छिंद्रला हाताला धरून ओसरीच्या मधोमध उभं केलं. ओसरीच्या कडेला आप्पासाहेबांची नात हेमा उभी होती, त्याच्याच कॉलेजात, त्याच्याच वर्गात. बारीक झालेली पोटरी, तिच्यावरचे पट्ट्यांचे वळ, सगळं त्या माणसांनी चहाच्या घोटाघोटानं पाहिलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पंधरा मिनिटांत आप्पासाहेबांचा पणतू जीपमधून शाळेत पोचला.

परतीच्या रस्त्यावर त्यानं जे बोलून घेतलं ते त्याला आजही शब्दन् शब्द आठवत होतं. "मी तुझा मुलगा आहे का तमाशातलं अस्वल? परत माझा पाय कुठल्या दारात न्यायचा नाही. आणि मी नसताना तोंडानंही नाही. माझं नाव नाही, पायाचं नाव नाही. शपथ घे." ती चालायची थांबली. शपथ तिनं घेतली नाही. तिनं फक्त "बरं" म्हटलं. पण सोजरबाईचं 'बरं' म्हणजे शपथच, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या मोहिमेला ती एकटी गेली. पुढं मग घरोघर जायची पद्धत आली तेव्हा तिच्याबरोबर नूरबानू जायला लागली, तिच्या नवऱ्याचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान होतं. दोघी थेंबांचा निळा, बर्फाचा डबा मधे धरून निघायच्या. एक थेंब पाजायची, दुसरी बोटाला शाई लावून दारावर खडूची खूण करायची. मच्छिंद्रनं हेमाशी लग्न केलं, हा या गोष्टीतला गमतीचा भाग. ओसरीवर ती पायाकडे न बघता वळून आत निघून गेली होती एवढंच त्यानं पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर तो तिच्या प्रेमात पडला. पण त्या दिवसाबद्दल दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत. त्याला बोलता आलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

आणि मग दोन हजार साली, उन्हाळ्यात, फाट्यावर बसची वाट बघत असताना एक अनोळखी गवंडी त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाला, "तुमी सोजरबाईचे का ओ? पायवाले?" पायवाले. भाजीवाले, दूधवाले, तसे पायवाले. एवढंच. तो बसमध्ये चढला आणि त्याच्या मनात सगळी बेरीज होऊन गेली: तिनं पाय दारात नेला नाही, पण गोष्ट नेली. 'बरं' म्हणून पाठीमागं विकत राहिली. त्याच महिन्यात नोकरीचं निमित्त सांगून त्यानं शहरात खोली घेतली. आई यायची, पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगा, कधी अंडी, आणि तो नमस्कार करायचा, विचारपूस करायचा, रिक्षात बसवून द्यायचा. कुणी त्याला नावं ठेवावीत असं त्यानं काही केलं नाही. फक्त तो तिच्याशी बोलला नाही. कित्येकदा ती दारात चपला घालताना थांबायची, काहीतरी विचारल्याची वाट पाहिल्यासारखी, मग जायची. त्या थांबण्याचा त्याला तेव्हा संताप यायचा.

साडेपाचला इम्तियाज पुन्हा आला, आता जरा बिचकत. दुपारी त्यानं घरी फोन केला होता. त्याची नानी म्हणजे नूरबानू, ती आता मुलीकडे, म्हणजे इम्तियाजच्या आईकडे, नसीमकडे, मंडईजवळ राहते. "नानी रडायलाच लागली, सर. म्हणाली, गुडघ्यामुळे मयतीला येता आलं नाही. म्हणाली, आजच घेऊन ये, नाही आले तर माझा निरोप दे की चूक माझी आहे. कसली चूक, ते नाही सांगितलं." मच्छिंद्र नाही म्हणणार होता. पण आईचं शेवटचं फसवणं एका साक्षीदाराच्या तोंडून ऐकून प्रकरण मिटवून टाकावं, असं एक दुष्ट समाधान त्याला हवंसं वाटलं. दीड तासाच्या रहदारीत, कॅबमध्ये इम्तियाज क्रिकेटबद्दल बोलत होता, मच्छिंद्र 'हं हं' म्हणत होता, आणि मनात आईला उद्देशून वाक्यं तयार होत होती, सगळी टोकदार, ऐकायला कुणी नाही अशी.

नूरबानूनं दोन्ही हात पुढे केले. ती इतकी लहान झाली होती की पलंगावर बसलेली असून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. "ये मच्छिंद्र. बस बेटा. दोन जिने चढाय लावले तुला, माझ्याच्यानं उतरवत नाही म्हणून." नसीमनं पाणी आणलं, चहा टाकायला आत गेली. नूरबानूनं पाण्याचा पेला त्याच्या हातात जाईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "आधी सांगते, मग चहा घे. नंतर घ्यावासा वाटला तर."

"मावशी, मला माहीत आहे," तो म्हणाला. "आई सगळीकडे माझी गोष्ट सांगायची."

"तुला काय माहीत हाय?" म्हातारीचा आवाज एकदम चढला. "सोजर? तिनं सांगितली? अरे, सोळा-सतरा वर्षं मी तिच्यासंगं फिरले. तिच्या तोंडातनं तुझं नाव एका दारात निघालं नाही. मी बोलले. मी. दारात एकदाच, मग घरात पोरांना."

ती सांगत गेली. दोन हजार सालचा जानेवारी, वरच्या अंगाला बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्या. एक बाई दार उघडेना. माझं पोर धडधाकट आहे, मला नको तुमचं औषध. सोजरबाई पायरीवर बसली. तास झाला, दीड तास झाला, डब्यातला बर्फ वितळायला लागला, अजून वीस घरं बाकी. "माझा जीव खाली-वर व्हाय लागला, आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं बघ, अगं बाई, हिच्या पोराचा पाय बघ जाऊन, मग कळंल तुला. तिनं दार उघडलं. लगेच. तुझ्या आईनं थेंब पाजले, मी शाई लावली, खूण केली. आणि रस्त्यावर आल्यावर म्हणाली, नूर, ते तुझं नव्हतं बोलायचं. माझंबी नाही. ज्याचा पाय हाय त्यानं बोलावं, न्हाईतर बोलू नये. अन् चालाय लागली." मजूर माणसं आज इथं, उद्या तिथं. गोष्ट त्यांच्याबरोबर सगळ्या बांधकामांवर गेली.

"दोन महिने बोलली नाही माझ्याशी," नूरबानू म्हणाली, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी असूनही ओठ हसायला लागले. "पण डबा तर दोघींचा. मग काय करायची, बाळाशी बोलायची. बाळाच्या तोंडात थेंब टाकता टाकता म्हणायची, बाळा, तुझ्या मावशीला म्हणावं, शाई सांडंल. मीबी काय कमी न्हवते. मी त्याच बाळाला सांगायची, तुझ्या आत्याला म्हणावं, मला डोळे हायत. बाळाची आई बघतीय आमच्याकडं, ह्या दोघी येड्या कोण आल्या!"

मच्छिंद्रला हसू फुटलं. कुठून फुटलं कळलं नाही, पण पेल्यातलं पाणी शर्टावर सांडलं. दोन बायका, मधे निळा डबा, आणि तहाची बोलणी एका तान्ह्या पोरामार्फत. आई अगदी अशीच होती. हे त्याला माहीत होतं, आणि तेवीस वर्षं माहीत नव्हतं.

"मग लोकांना पटवायची कशी?" त्यानं विचारलं. "दाखवायला तर काही नव्हतं."

"बसून," नूरबानू म्हणाली. "तू नको म्हणालास त्या दिवसापासनं दुसरं होतं काय तिच्याजवळ? दारात बसायची आणि त्या घरचं जे काम पडलं असंल ते हातात घ्यायची. मेथी निवड, शेंगा फोड, लसूण सोल. बोलायची नाही थेंबाचं अक्षर. तुझी अर्धी जुडी जिनं निवडली तिला तू दारातनं कशी हाकलशील? तासाभरानं बाईच म्हणायची, आणा बाई ते काय पाजायचंय ते. मी म्हणायची, सोजर, एक शब्द बोल त्या पायाचा, पाच मिनटांत सुटू. ती म्हणायची, नाही."

तेव्हा मच्छिंद्रला आईची नखं आठवली. हिवाळ्यातल्या त्या दिवसांत तिच्या अंगठ्याची नखं कायम हिरवी-काळी असायची, कडा चिरलेल्या, मिठाचा हात लागला की चुरचुरायची. घरात तर एवढी भाजी येत नव्हती. त्यानं कधी विचारलं नाही. लोक तिच्याबद्दल सांगायचे, सोजरबाईची सबुरी कुणाला नाही, कुणाच्याही दारात बसती, कामाला लागती. त्याला वाटायचं, बाईला स्वभावच लोकांच्या दारात बसायचा. आणि ते असं होतं. त्यानं रागात तिचं एक हत्यार काढून घेतलं होतं, आणि तिनं त्याच्याविना, इंच इंच, दुपारच्या दुपार, दुसऱ्यांच्या मेथ्या निवडत सगळं गाव पूर्ण केलं होतं. ही मेहनत त्याच्या एका वाक्यापायी होती. तिनं ते वाक्य पाळलं होतं.  अपराधी वाटत होतं, भयंकर अपराधी, पण त्याच्या खाली, त्याहून मोठं, स्वच्छ असं काहीतरी होतं: आई खोटी नव्हती. चिडायचं कारण संपलं होतं. इतकं सुटल्यासारखं त्याला स्मशानातही वाटलं नव्हतं.

"तिला कळलं होतं का?" त्यानं विचारलं. "मला काय वाटत होतं ते?"

"तू घर सोडलंस तेव्हाच ओळखलं तिनं. मी म्हटलं, मी जाते, त्याच्या पाया पडते, माझी चूक हाय म्हणून सांगते. म्हणाली, नको. इचारील तो. इचारल्यावर सांगीन."

"मग?"

"मग काय बेटा," नूरबानू म्हणाली. "तू इचारलंस का?"

खोलीत चहाचा वास आला. नसीम कप घेऊन दारात थांबली होती आणि आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. मच्छिंद्रला दारात चपला घालताना थांबलेली आई दिसली. प्रत्येक वेळची. म्हातारीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "राग नव्हता तिला. शपथेवर सांगते. उलट आम्हाला सांगायची, माझ्या मच्छ्याला चुका शोधायचा पगार मिळतो, मोठा पगार, पण एवढी एक काय त्याला सापडली नाही अजून. आणि हसायची. तुझी लई फुशारकी मारायची ती. सगळं बोलायची, फक्त पायाचं सोडून."

त्यानं चहा घेतला. दोन कप घेतले. निघताना वाकून नूरबानूच्या पाया पडला, आणि ती "अरे, अरे" म्हणत राहिली. जिना तो सावकाश उतरला, इम्तियाजनं हात पुढे केला तो त्यानं धरला. खाली मंडईत संध्याकाळची गर्दी होती, भाव ओरडले जात होते, हमाल 'बाजू बाजू' करत चालले होते. इम्तियाज परत वर घरी गेला. मच्छिंद्रला एका केळीवाल्याच्या हातगाडीजवळ थोडी जागा मिळाली. तिथे उभं राहून त्यानं हेमाला फोन लावला.

"आई बोलली नव्हती," तो म्हणाला.

"कुठे बोलली नव्हती? कोणाला? अहो, तुम्ही आहात कुठे? आवाज काय येतोय मागून?"

"मंडईत. ऐक ना. तुझ्या आजोबांच्या ओसरीवर, त्या दिवशी, तू होतीस."

 मग हेमा म्हणाली, "थांबा. गॅस बंद करते." भांड्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हं. सांगा आता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं वाट बघतेय मी."

"माझा पाय," मच्छिंद्र म्हणाला. आईला दटावलं त्या दिवसानंतर हे शब्द त्यानं स्वतःच्या तोंडानं कुणापुढे उच्चारल्याचं त्याला आठवत नव्हतं. केळीवाल्यानं वर पाहिलं, मग पायाकडे पाहिलं. पाहू दे. तो सुरुवातीपासून सांगायला लागला, तापापासून, कडेवरच्या शाळेपासून, आणि सांगता सांगता त्याला आईसाठी रडू आलं, चौदा दिवसांनी, भर मंडईत, आणि रडत रडतही तो सांगायचा थांबला नाही.